एकशे छप्पन मंगळवार

सरांचा स्वभाव संशयी होता, हे सांगण्यात काही चुगली नाही. ते स्वतःच दर वर्षी पहिल्या तासाला सांगत. "मातीवर विश्वास ठेवायचा नाही," असं ते म्हणत, "आणि मातीचा अहवाल देणाऱ्यावर तर मुळीच नाही." विद्यापीठात माती आणि पाया हा विषय चोवीस वर्षं शिकवून हा अविश्वास त्यांच्या अंगी असा मुरला होता, की संध्याकाळी घरी येताना तो वर्गात ठेवून येणं त्यांना जमत नसे. कपाटाला कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघत. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याला दोन गाठी मारत, आणि दुसरी गाठ अशी, की कुणी सोडून पुन्हा बांधली तर कळावं. घरी दूध उतू गेलं तरी बायकोला विचारत, "इथे कोण आलं होतं?" मुलांनी त्यांचं नाव शंकासुर ठेवलं होतं. सरांना ते ठाऊक होतं, आणि ते कुठल्या वर्षीच्या कुठल्या बाकावर ठेवलं गेलं याबद्दलही त्यांचा एक संशय होता.

असा माणूस सुखी कसा असेल, असं कुणालाही वाटेल. पण आठवड्यातले चार तास सर सुखी असत. शेवटच्या वर्षाचा आराखड्याचा वर्ग गेली एकोणीस वर्षं त्यांच्याकडे होता. मुलं खऱ्याखुऱ्या जागेचा नकाशा आणत, त्यावर इमारतीचा पाया काढत, आणि सर तो पाया उकरत. "इथे पाणी आलं तर? शेजाऱ्याने विहीर खणली तर? हा खड्डा ज्याने भरला त्याने खाली काय पुरलंय, बघितलं का?" मुलं रडकुंडीला येत. मग वर्षाच्या अखेरीस कधीतरी एखादी मुलगी स्वतःच्याच नकाशाकडे डोळे बारीक करून बघायला लागे. ते दिसलं की सरांना दोन दिवस जेवण गोड लागे. बाकी सगळीकडे त्यांच्या संशयाचा लोकांना ताप होता. त्या वर्गात त्याचा उपयोग होता.

आणि गदा आली ती नेमकी त्याच वर्गावर. विद्यापीठाने नोटीस लावली: पुढच्या वर्षापासून आराखड्याचा वर्ग फक्त सनदी अभियंत्यानेच घ्यावा. सनद अभियंता परिषद देते. पदव्या कितीही असोत, प्रत्यक्ष कामावर उभं राहून जबाबदारी घेतलेली असल्याशिवाय ती मिळत नाही. सरांकडे पदव्या तीन होत्या, निबंध एकसष्ट होते, सनद नव्हती. कधी लागलीच नव्हती.

त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि एकदा चुकचुकायला लागली की ती पाल गप्प बसणारी नव्हती. विभागात शिक्षक चौदा. सनद नसलेले चार. त्यातले तिघे आराखडा शिकवत नाहीत. म्हणजे हा नियम कुणासाठी झाला? दोन वर्षांपूर्वी विभागात एक नवे मास्तर आले होते. पोरसवदा, हसतमुख, आधी सहा वर्षं पुलांच्या कामावर होते, आणि सनद घेऊनच आलेले. विभागप्रमुख बाई त्यांच्याशी बोलताना हसत असत. सरांशी बोलताना हसत नसत. आता यात कुठेतरी पाणी मुरतंय हे कळायला काय मातीचा तज्ज्ञ लागतो?

"अहो, नियम सगळ्या विद्यापीठाला आहे," बायको म्हणाली. तिचं औषधांचं दुकान होतं, आणि दिवसभर लोकांच्या खऱ्याखोट्या दुखण्यांशी गाठ पडत असल्यामुळे नवऱ्याच्या दुखण्याला ती फारसं औषध देत नसे. "सूत दिसलं की लगेच स्वर्ग गाठू नका."

खरा काटा टोचला तो मेहुण्याचा. बायकोचा धाकटा भाऊ इमारतींची कामं घेत असे, सनदी होता, आणि आपला गोल शिक्का खिशात घेऊनच फिरे. तो म्हणाला, "भाऊजी, वाईट वाटून घेऊ नका, पण तुम्ही अभियंत्यांचे मास्तर. अभियंता नव्हे. पोहायला शिकवता, पण काठावरून."

सरांनी दुसऱ्याच दिवशी परिषदेचा अर्ज मागवला.

अर्जात दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. एक, किमान दीडशे दिवस प्रत्यक्ष कामाच्या जागी हजर राहून केलेली पाहणी, तारीखवार. दोन, असा एक मोठा निर्णय, जो तुम्ही स्वतः घेतला आणि ज्याच्या बऱ्यावाईटाला तुम्ही स्वतः सामोरे गेलात. सरांना वाटलं, त्यात काय! आपल्याकडे रुग्णालयाची भिंत आहे.

ती गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. एका मोठ्या रुग्णालयाच्या मागे टेकडी कापून जागा केली होती, आणि कापलेली माती अडवायला उंच भिंत बांधली होती. भिंतीला भेगा दिसल्या तेव्हा ते काम सरांच्या प्रयोगशाळेकडे आलं. तीन वर्षं, दर मंगळवारी, भेगांवर बसवलेल्या पट्ट्यांची मापं घ्यायची आणि टेकडीत पुरलेल्या नळ्यांमधलं पाणी किती वर आलंय ते बघायचं. तीन वर्षांचे एकशे छप्पन मंगळवार. जात असत ते प्रयोगशाळेतले काका. तिथे मातीच्या चाचण्या करण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. सकाळी सातला पिशवीत मोजपट्टी आणि वही घालून ते निघत, दुपारी आकडे आणून सरांच्या टेबलावर ठेवत. सर त्या आकड्यांचे आलेख काढत, आलेखांचे निबंध होत, आणि निबंधांवर सरांचं नाव येई. दुसऱ्या वर्षी एका मंगळवारी भेगा झपाट्याने वाढल्या, भिंतीखालचा रस्ता बंद केला गेला, आणि त्याच आठवड्यात शनिवारी भिंतीचा मोठा तुकडा मातीसकट त्या रस्त्यावर आला. एका माणसालाही खरचटलं नाही. तो निबंध सगळ्यात गाजला.

आता विद्यापीठातली रीत अशी, की काम ज्याच्या खोलीत झालं ते त्याचं. मोजलं कुणी, उन्हात उभं कोण राहिलं, हे निबंधात कुणी विचारत नाही. 'लेखकांनी मापे घेतली' असं लिहायचं असतं आणि सगळे तसंच लिहितात. त्यामुळे सरांनी अर्जात एकशे छप्पन ओळी आखल्या आणि प्रत्येकीपुढे 'पाहणी: स्वतः' असं सुंदर अक्षरात लिहिलं, तेव्हा त्यांचा हात एकदाही अडखळला नाही. मोठा निर्णय म्हणून 'रस्ता बंद केला' हे लिहिलं. ते मुद्दाम खोटं लिहीत होते असं मी म्हणणार नाही. मुद्दाम खोटं लिहिणाऱ्याला निदान खरं काय ते माहीत असतं.

बायकोने अर्ज वाचला. "एकशे छप्पन वेळा तुम्ही सकाळी सातला टेकडीवर गेलात?"

"म्हणजे काय?"

"काही नाही. त्या कामासाठी घेतलेले बूट अजून नवेकोरे कसे, एवढंच मनात आलं."

सरांनी तिच्याकडेही जरा संशयानेच बघितलं. शेवटच्या पानावर एक बारीक रकाना होता: 'मूळ नोंदी कोणाच्या ताब्यात आहेत?' तिथे त्यांनी लिहिलं, 'विद्यापीठाची माती प्रयोगशाळा'. विभागप्रमुख बाईंनी आणि मेहुण्याने शिफारशी दिल्या, आणि अर्ज गेला.

दोन महिन्यांनी परिषदेचं पत्र आलं. सरांनी पाकीट आधी उजेडात धरून बघितलं, मग फोडलं. 'आपण नमूद केलेल्या स्थळभेटी व प्रमुख निर्णय यांबाबत संबंधितांकडून वेगळी माहिती प्राप्त झाली आहे. एकवीस दिवसांनी होणाऱ्या मुलाखतीस येताना लेखी खुलासा सोबत आणावा.'

संबंधित! सर तो शब्द वाचत राहिले. चोवीस वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली तो अखेर आला होता: त्यांच्याविरुद्ध खरोखरच कुणीतरी काहीतरी केलं होतं. त्यांना राग आला, धडकी भरली, आणि खरं सांगायचं तर थोडं समाधानही वाटलं. बघा, मी म्हणत नव्हतो?

संशयित तीन. नवे मास्तर, कारण वर्ग त्यांना मिळणार. विभागप्रमुख बाई, कारण शिफारस देताना त्यांनी अर्ज वाचला होता. आणि मेहुणा, कारण तो मेहुणा होता. सरांनी सापळा लावला. बाईंना सांगितलं, "मी अर्ज मागेच घेतोय." नव्या मास्तरांना सांगितलं, "परिषदेने मला फक्त फोटो आणायला सांगितलेत." मेहुण्याला सांगितलं, "कुणी कळवलंय ते मला समजलंय." यातली जी बातमी परिषदेकडून फिरून येईल, तिच्यावरून चोर पकडायचा. परिषदेकडून काहीच आलं नाही. तिन्ही बातम्या मात्र दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बायकोच्या दुकानात पोचल्या, खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या एकाच गिऱ्हाइकाकडून.

"तुम्ही अर्ज मागे घेताय, फोटो नेताय आणि कुणाला तरी पकडलंयही," ती म्हणाली. "दिवस भरगच्च गेला म्हणायचा."

नवे मास्तर एकदा सरांच्या खोलीत डोकावले. "सर, मुलाखतीची तयारी करायची असेल तर सांगा. मी प्रश्न विचारतो, तुम्ही उत्तरं द्या. मला माझ्या वेळी कुणीच नव्हतं सांगायला." चांगुलपणाने बोलले होते. सरांनी ते गेल्यावर टेबलावरचे कागद मोजले.

पंधरा दिवस असे गेले. सर बारीक झाले. वर्गात मुलांच्या नकाशांकडे त्यांचं लक्ष लागेना, आणि हा कदाचित आपला शेवटचा वर्ग, हे सारखं मनात येई. पाया उकरायला समोर नकाशा नसेल तर आपण उरलेल्या दिवसांचं काय करायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. शेवटी त्यांनी ठरवलं, चोर सापडो न सापडो, पुरावा आपल्याकडे आहे. मूळ वह्या घ्यायच्या आणि परिषदेच्या टेबलावर आपटायच्या.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. सर प्रयोगशाळेत गेले.

भट्टीत मातीचे डबे वाळत होते आणि खोलीभर ओल्या चिकणमातीचा वास होता. काका तराजूपाशी बसून एकेक डबा तोलत होते. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. सरांनी दार लावून घेतलं, कडी नीट बसली का बघितलं, आणि आवाज खाली आणला.

"काका, आपल्यात कुणीतरी घरभेदी आहे."

काकांनी वजन लिहिलं आणि पुढचा डबा घेतला.

"परिषदेला माझ्याविरुद्ध कुणीतरी कळवलंय. मला त्या भिंतीच्या वह्या द्या. वह्या दाखवल्या की त्याचं तोंड बंद."

"कुणीतरी नाही, सर," काका म्हणाले. "मी कळवलंय."

सरांना क्षणभर वाक्य कळलंच नाही. जगातल्या सगळ्या माणसांवर त्यांनी आळीपाळीने संशय घेतला होता. काकांवर कधी घेतला नव्हता. हा विश्वास होता असं समजू नका. तराजूवर आणि भट्टीवर कुणी संशय घेत नाही, त्यातलाच तो प्रकार होता.

"तुम्ही?"

"त्यांचा कागद आला होता. नोंदी ज्याच्या ताब्यात असतील, त्याने माहिती खरी असल्याची सही करावी. तुम्ही ताबा प्रयोगशाळेचा लिहिला होतात. इथे माझ्याशिवाय दुसरं कोण आहे?" काकांनी हात पुसले. "तुमचे एकशे छप्पन मंगळवार त्यात होते. मी वह्या काढून मोजले. तुम्ही आलात ते एकोणीस. पाहुणे आले होते तेव्हा, आणि फोटो काढायचे होते तेव्हा. मी एकोणीस लिहिलं."

"अहो, मग आधी मला येऊन सांगायचं ना!"

"लिहिताना तुम्ही मला विचारलं होतं का?"

"काका, ही रीत आहे! सगळ्या निबंधांत असंच..."

"निबंधांत चालत होतं ते चालू दिलं. तिथे माझी सही कुणी मागितली नव्हती. सही मागितली की बघूनच करायची असते. तुम्हीच शिकवता मुलांना. दार उघडं असतं, मला ऐकू येतं."

काकांनी कपाटातून सात वह्या काढून त्यांच्यापुढे ठेवल्या, आणि मग खालच्या खणातून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेला एक कागद काढला. "दिवसांचं जाऊ द्या," ते म्हणाले. "मला एवढं विचारायचं होतं. रस्ता तुम्ही बंद केलात असं तुम्ही लिहिलंय. मग ही कुणाला आहे?"

ती ताकीद होती. विभागाच्या कागदावर. 'वरिष्ठांची परवानगी न घेता रुग्णालयाचा मागील रस्ता परस्पर बंद केल्याबद्दल व रुग्णालयाच्या कामकाजात अडथळा आणल्याबद्दल आपणांस सक्त ताकीद देण्यात येत आहे.' वर काकांचं नाव. खाली सही सरांची. तारीख त्या आठवड्यातल्या गुरुवारची.

सरांना आठवेना. मग हळूहळू आठवलं. रुग्णालयाच्या व्यवस्थापकाने थयथयाट केला होता, कार्यालयाने मसुदा तयार करून आणला होता, आणि सरांनी उभ्याउभ्या सही केली होती. शनिवारी भिंत पडली. मग पत्रकार आले, निबंध झाला, सत्कार झाला. ताकीद काढायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात तेव्हा निदान फाशी दिल्याचं लक्षात तरी ठेवतात.

"प्रमुख सहायकाची जागा निघाली होती त्यानंतर," काका म्हणाले. "फायलीत ताकीद असल्यावर नाव पुढे जात नाही. दोनदा नाही गेलं." हे त्यांनी तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. आकडा वाचून दाखवावा तसं म्हटलं.

आणि सरांच्या मनात पहिला विचार काय आला असेल? हाच, की काकांना कुणी फितवलं? नवे मास्तर इथे येऊन बसतात. जित्याची खोड! ते स्वतःवरच चिडले आणि समोरची वही उघडली. तो मंगळवार. सकाळी आठचं माप, दहाचं, साडेअकराचं. साडेतीन तासांत भेग चार मिलिमीटर. नळीतलं पाणी दोन मीटर वर. त्याखाली काकांच्या गोल अक्षरात: 'सरांना तीन वेळा फोन केला. उचलला नाही. दोर बांधून रस्ता बंद केला. पहारेकऱ्याला बसवले. मी स्वतः थांबलो आहे.'

सर त्या दिवशी दुसऱ्या गावी तोंडी परीक्षा घेत होते. फोन पिशवीत होता.

त्यांना लाज वाटली. ते वह्या तिथेच सोडून बाहेर पडले.

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती औषधांच्या पट्ट्या लावत होती. हात थांबवून तिने सगळं ऐकलं. "मग आता?"

"तसं काही बिघडलेलं नाही," सर म्हणाले. "विभागप्रमुख बाईंशी बोललो. खुलाशात 'माझ्या मार्गदर्शनाखाली' एवढे दोन शब्द घातले की सगळं बसतं. दिवस बसतात, निर्णयही बसतो. सगळे असंच लिहितात म्हणाल्या."

"बसतं ना?"

"बसतं."

"मग मला कशाला विचारताय?" ती म्हणाली, आणि पुन्हा पट्ट्या लावू लागली.

मुलाखतीच्या दिवशी तो खुलासा सरांच्या पिशवीत होता, दोन प्रतींत. खोलीत लांब टेबल, तीन माणसं. मधल्या खुर्चीवर एक वयस्क बाई होत्या. आयुष्य धरणांच्या कामावर काढलेलं, उन्हाने रापलेला चेहरा. त्यांनी खुलासा मागितलाच नाही. चष्म्यावरून बघत साधा प्रश्न विचारला.

"रस्ता बंद केला तेव्हा तुम्ही कुठे उभे होतात?"

सरांनी पिशवीत हात घातला. मार्गदर्शनाखाली, हा शब्द त्यांच्या जिभेवर आला होता. पण मार्गदर्शनाखाली माणूस उभा राहत नाही. उभं राहायला जागा लागते. एकोणीस वर्षं त्यांनी मुलांना हेच विचारलं होतं: तुम्ही जाऊन बघितलं का? आणि 'मार्गदर्शनाखाली बघितलं' असं उत्तर एखाद्याने दिलं असतं, तर त्याचा नकाशा त्यांनी टराटरा फाडला असता.

"मी तिथे नव्हतो," ते म्हणाले. "रस्ता मी बंद केला नाही. प्रयोगशाळेतल्या आमच्या काकांनी केला. त्यांनी मला तीनदा फोन केला, मी उचलला नाही. दोन दिवसांनी मी त्यांना लेखी ताकीद दिली. शनिवारी भिंत पडली."

बाईंनी हातातला अर्ज उलटा ठेवला.

"ती ताकीद मागे घेतलीत?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"नऊ वर्षांत?"

"आठवलीच नाही," सर म्हणाले.

"हे उत्तर आम्हाला लिहून घ्यावं लागेल," बाई म्हणाल्या, आणि खरोखरच लिहून घेतलं.

सनद नाकारली गेली. दीडशे दिवस स्वतः पूर्ण केल्यावर पुन्हा अर्ज करता येईल, असं पत्रात होतं. आराखड्याचा वर्ग नव्या मास्तरांकडे गेला. सर एकोणीस वर्षांचे नकाशे त्यांच्या हवाली करायला गेले, तेव्हा ते म्हणाले, "सर, तुम्ही अधूनमधून वर्गात येऊन बसा. मुलं तुम्हाला घाबरतात, त्याचा मला फायदा होईल." सरांनी याचा अर्थ लावायचा प्रयत्न केला, लागला नाही, आणि ते खाली मान घालून बाहेर आले. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

पण ताकीद राहिली होती. सर कार्यालयात गेले. तिथला कारकून गोंधळला. "ताकीद मागे घ्यायचा अर्ज ज्याला मिळाली तो करतो, सर. ज्याने दिली त्याने असा अर्ज आजवर कधी केला नाही. नमुनाच नाही आमच्याकडे."

"मग साध्या कागदावर लिहितो."

त्यांनी लिहिलं: 'सदर ताकीद मी दिली ती चूक होती. रस्ता बंद करण्याचा निर्णय योग्य होता व तो पूर्णपणे प्रयोगशाळा सहायकांचा होता. त्या दिवशी जागेवर असणे व फोन घेणे हे माझे काम होते, ते मी केले नाही. ताकीद रद्द करून हे पत्र त्यांच्या फायलीत लावावे.' कुणाच्याही मार्गदर्शनाखाली नाही. सही केली, आवक शिक्का मारून घेतला, आणि एक प्रत घेऊन ते प्रयोगशाळेत गेले.

काकांनी चष्मा लावून प्रत वाचली. उलटून मागची बाजू बघितली. पुन्हा वाचली.

"परिषदेने करायला लावलं का?"

"नाही."

"पुढच्या अर्जात दाखवायला?"

सर चटकन नाही म्हणणार होते. मग थांबले. "अर्ज मी पुन्हा करणार आहे, काका. पण हे त्यासाठी नाही."

"असं तुम्ही म्हणता."

"पोच आहे माझ्याकडे," म्हणत सरांनी शिक्क्याची प्रत पुढे केली. काकांनी तिच्यावरचा क्रमांक तळहातावर पेनाने उतरवून घेतला. "जरा भट्टीकडे बघा," ते म्हणाले, "मी फायल बघून येतो." आणि ते गेले.

सर एकटे भट्टीपाशी उभे राहिले. आपलं बोलणं खरं असताना समोरचा ते तपासायला जातो, तेव्हा त्याची वाट बघत उभं राहणं काय असतं, हे त्यांना या वयात पहिल्यांदा कळत होतं. बायको हे किती वर्षं सोसत आली असेल, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. वीस मिनिटांनी काका परतले.

"आहे," ते म्हणाले. "लावलंय फायलीत." ते पुन्हा तराजूपाशी बसले. डबा ठेवताना काटा दोनदा हलला.

"काका," सर म्हणाले, "मला माफ करा."

काकांनी हातातला डबा बाजूला ठेवला.

"हे तोंडी आहे का?"

सरांनी खिशातून पेन काढलं. काकांनी तराजूशेजारचा एक कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"आधी तारीख घाला, सर," ते म्हणाले.